ही गातीय का भांडतीय? कोर्टनी बार्नेटचा पहिला अल्बम आमच्या शिवणघरात

पहिलं गाणं सुरू होऊन दुसरं लागलं, तशी हुक-काजाच्या काकूंनी सुई थांबवली आणि मला विचारलं, "ही गातीय का भांडतीय गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गेले पाच महिने मी त्याचंच उत्तर शोधतीय, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं ब्लाऊज शिवायचं काम आहे. सांगलीत, कापड पेठेच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर. आधी खाली गाळा होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सहा मशिनी चार दिवस पाण्याखाली होत्या, तेव्हापासून जिना चढायचा ठरवला. मी धरून आठ बायका. दिवसभर स्पीकर चालू असतो. सकाळी अभंग, दुपारी जुनी सिनेमातली गाणी, संध्याकाळी ज्या पोरीचा फोन जोडलेला असेल तिची मर्जी. लेक माझी मेलबर्नला शिकायला आहे. डिसेंबरात सुट्टीवर आली तेव्हा तिनं पिशवीतून एक सीडी काढली आणि म्हणाली, "आई, मी जिथं राहते ना, ते गाव तुला यातनं कळेल." प्लेअर आमच्याकडं जुना होताच. आणि माघातल्या लग्नांची कामं अंगावर होती, म्हणजे रोज दहा-दहा तास एका जागी बसणं. ऐकायला याहून चांगली वेळ नव्हती.

सीडीवर खुर्चीचं हातानं काढलेलं चित्र आहे. ते चित्रही गाणाऱ्या कोर्टनी बार्नेटचंच. २०१५ साली त्या मुखपृष्ठाला ऑस्ट्रेलियातलं संगीताचं आरिया पारितोषिक मिळालं होतं. अल्बमचं नाव लांबलचक आहे, 'समटाइम्स आय सिट अँड थिंक, अँड समटाइम्स आय जस्ट सिट'. कधी मी बसून विचार करते, कधी नुसतीच बसते. हे नाव लेकीनं मराठीत सांगितलं तेव्हा कटिंगच्या टेबलावरची वहिनी पटकन म्हणाली, "आपल्याला नुसतं बसायला कुठं मिळतंय!" तिथंच मला वाटलं, ही बाई आमच्यात खपणार.

कोर्टनी बार्नेट १९८७ ची. जन्म सिडनीचा, पुढं टास्मानियात होबार्टला, मग मेलबर्न. बारमध्ये दारू वाढायचं काम करत गाणी लिहिली. कुणी कंपनी आपल्याला घेईल याची वाट न बघता २०१२ मध्ये स्वतःचीच छोटी कंपनी काढली, मिल्क रेकॉर्ड्स. हा पहिला पूर्ण अल्बम मार्च २०१५ चा. पाऊण तासाच्या आत ११ गाणी. त्यानंतरच्या ग्रॅमीला नवोदित कलाकारांत तिला नामांकन होतं. एवढी माहिती पुरे. बाकीचं तिच्या गाण्यांत आहे.

पहिलं गाणं 'एलेव्हेटर ऑपरेटर'. वीस वर्षांचा एक पोरगा. डोक्यावर भरघोस केस, तरी टक्कल पडेल म्हणून काळजी. सव्वानऊला उठतो, ९६ नंबरच्या ट्राममध्ये तिकीट न काढता चढतो, खाता खाता पावाचा चुरा सांडत जातो. ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या विचारानंच त्याला मळमळतं. मग टाय ओरबाडून काढतो, रस्त्यात झोपलेल्या एका माणसाला देऊन टाकतो आणि ओरडतो की आज मी कामावर जाणार नाही. एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरतो. बरोबर एक श्रीमंत बाई, केस इतके ताणून बांधलेले की कवटी दिसावी. गच्चीवर ती त्याला कळवळून सांगते, बाळा, उडी मारू नकोस, तुझ्यासारखी कातडी मिळाली तर मी काय वाट्टेल ते देईन. तो म्हणतो, मावशी, तुमच्या मनातलं माझ्यावर नका घालू. मी मरायला आलो नाही. इथनं माणसं मुंग्यांएवढी दिसतात, वाऱ्याशिवाय कसला आवाज येत नाही, म्हणून येतो.

लेक हे एकेक वाक्य सांगत होती आणि सगळ्या मशिनी हळूहळू थांबत गेल्या. आमच्यात एक धाकटी आहे, सकाळी कॉलेज करून दुपारी बाह्या जोडायला येते. ती इतकी हसली की बॉबिन हातातनं पडली. आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाली, "ताई, मी पण जाते की आमच्या टाकीपाशी. आई वरडती, काय करतीस वर एकटी. काय न्हाई करत. नुसती बसते." तिच्या आईला कसली धास्ती वाटत असेल हे मला कळलं, आणि पोरगी तिथं का जाते तेही त्या क्षणी कळलं. तीन मिनिटांच्या गाण्यानं आई आणि पोरगी दोघींची बाजू मांडली होती.

दुसरं गाणं 'पेडेस्ट्रियन ॲट बेस्ट', ज्याला काकू भांडण म्हणाल्या. गिटार कर्कश, शब्द इतके भराभर की श्वास कुठं घेते कळत नाही. म्हणते, मला चौथऱ्यावर बसवलंत तर मी तुमची निराशाच करीन. मी लई भारी आहे असं म्हणालात तर त्याचा फायदा उपटीन. पैसे द्या, त्यांच्या घड्या घालून कागदाची खेळणी करते. पहिला अल्बम काढणारी बाई ऐकणाऱ्यांना हे सांगते! आपल्याकडं पहिलं पाऊल टाकताना गुरूंना नमस्कार, रसिकांची क्षमा, काही उणंअधिक झालं तर सांभाळून घ्या. ही म्हणते, उणंअधिक होणारच आहे, आत्ताच सांगून ठेवते.

काकूंना ते आवडलं नाही. आजही आवडत नाही. "बाईच्या जातीनं एवढं फटकळ असू नये, आणि असलंच तर माईकवर सांगू नये," हे त्यांचं मत. त्यात काही गाण्यांत शिव्याही आहेत. लेकीनं त्या सांगताना मुरड घातली, पण काकूंनी ओळखायचं ते ओळखलंच. काकूंच्या या मताचा मी फार विचार केला, कारण असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. पुरुष गायक असाच टारगटपणा करतो तेव्हा त्याला आपण हजरजबाबी म्हणतो. बाईनं केला की आगाऊ.

उत्तर मी दिलं नाही, तासगावच्या वहिनींनी दिलं. त्या म्हणाल्या, "काकू, हादग्याला वेड्याच्या बायकोचं गाणं म्हणताय की तुम्ही. त्यात काय पूजा हाय व्हय?" आणि कैरीच्या आकाराची पट्टी हातात नाचवत त्यांनी ते गाणंच सुरू केलं. बायको करंज्या करते, वेडा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. लाडू करते, चेंडू म्हणून उडवतो. फेर धरून शंभर बायका आपल्या नवऱ्यांना वेड्यात काढतात आणि खिरापत खाऊन घरी जातात. मग मला नाथांचं भारूड आठवलं. भवानीआईला रोडगा वाहायचा नवस बोलणारी सून. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडंच ठेव. सासूला लवकर उचल. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. आणि सगळ्यांत शेवटी, सगळेच जाऊ देत, मला एकटीला राहू दे. चारशे वर्षांहून जास्त काळ हे कीर्तनात चालतंय, देवळात चालतंय. काकू स्वतः आषाढीला देवळात ते टाळ्या वाजवत ऐकतात. फटकळ बाई आपल्याला नवी नाही. आपण तिला फक्त देवीच्या नाहीतर फेराच्या आडून बोलू देतो. बार्नेट आडोसा घेत नाही, एवढाच फरक.

एक ऐकणारे अचानक आले. आम्ही तंबोऱ्यांच्या गवसण्याही शिवतो, आत मऊ अस्तर, बाहेर जाड कापड. मिरजेचे एक कारागीर त्या न्यायला आले होते. घरात तीन पिढ्या सतारी-तंबोऱ्यांचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी आम्हाला पेढे आणून दिले होते. ते दारात उभे राहून ऐकत राहिले. इंग्रजी शब्दांकडं लक्षच नाही. म्हणाले, "नखी लावलेली न्हाई हिनं. बोटानंच वाजवतीय. तारेचा आवाज येतोय त्यात कातडीचा आवाज मिसळलाय." लेक चकित झाली, कारण खरंच बार्नेट नखी वापरत नाही, अंगठ्यानं आणि बोटांनी वाजवते. मग लेकीनं फोनवर तिचं वाजवणं दाखवलं. बार्नेट डावखुरी आहे, गिटार उलटी धरते. ते बघून त्यांना जास्तच रस आला. डावखुऱ्याला सतार करायची तर खुंट्या, तरफा, सगळी मांडणी उलटी करावी लागते, आणि असं गिऱ्हाईक आलं की जुने कारागीर आधी "उजव्या हातानं शिक" म्हणून परत पाठवायचे, असं त्यांनी सांगितलं. जाता जाता म्हणाले, "हिला कुणी परत पाठवलं न्हाई ते बरं झालं." तेवढाच अभिप्राय, पण मला तो मोलाचा वाटतो.

तिसरं गाणं पहाटे चारला झोप न येण्याचं. परक्या गावी, भिंतीवरच्या भेगा मोजत पडलीय. मग त्या भेगा म्हणजे आपल्या तळहाताच्या रेषा आहेत असं समजून स्वतःचं भविष्य बघते. तिला आपली प्रेमाची रेषा आणि मृत्यूची रेषा एकमेकीत गुंतलेली दिसतात. आणि मध्येच साधं एक वाक्य की तुझी आठवण येते. मेलबर्नला पहाटेचे चार म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आमच्याकडं रात्रीचे साडेदहा. त्या वेळी लेकीचा फोन आला की मी रागवायची, अजून जागी का, उद्या कॉलेज नाही का. हे गाणं ऐकल्यापासून रागवत नाही. विचारते, भिंतीला भेगा किती आहेत.

चौथ्या गाण्याबद्दल चांगलं बोलता येत नाही. 'स्मॉल पॉपीज'. तिकडं म्हण आहे की जे अफूचं फूल इतरांपेक्षा उंच वाढतं ते आधी छाटतात, त्यावरनं नाव. कल्पना चांगली, पण सात मिनिटं चालतं, आणि त्यातली निम्मी मिनिटं गिटार नुसती घोटाळत राहते. आमच्याकडं सगळ्यांनी त्या वेळात चहा केला. एरवी एक शब्द वाया न घालवणाऱ्या बाईनं इथं कापड जास्त घेतलं आणि कातरी लावायची विसरली. दुसऱ्या गाण्यातही आवाज गिटारीच्या गदारोळात बुडतो. ज्या गाण्याचं सगळं बळ शब्दांत आहे, तिथं शब्द दाबले जाणं मला खटकतं. फोनवर शब्द वाचत ऐकलं नसतं तर निम्मं कळलंच नसतं.

आता पाचवं. 'डेप्रेस्टन'. मला विचाराल तर हे एक गाणं असतं आणि बाकीची दहा नसती तरी सीडी घेण्यालायक होती.

प्रेस्टन हे मेलबर्नच्या उत्तरेकडचं उपनगर. गावात घर परवडत नाही म्हणून जोडपं तिकडं घर बघायला जातं. सुरुवात हलकीफुलकी आहे. आता जवळ चांगली कॉफी मिळणार नाही, पण घरीच कॉफी करायचं भांडं घेतलंय, आठवड्याला तेवीस डॉलर वाचतात. घर छान आहे. बाग आहे, दोन गाड्या मावतील असं गॅरेज आहे. आणि स्वस्त का, तर मालकीण वारली. दलाल लगेच विषय बदलतो, छताचं काम बघा कसलं सुंदर आहे. मग हिला न्हाणीघरात एक दांडी दिसते, म्हाताऱ्या माणसानं धरायची. स्वयंपाकघरात चहा, कॉफी, पिठाचे डबे ओळीनं. व्हिएतनाममध्ये एका गाडीत बसलेल्या तरुण मुलाचा फोटो. आणि ती म्हणते, आता मला फरशी कसली, पुढची खोली दक्षिणेला का उत्तरेला, काही सुचत नाही. एवढंच. आवाज जराही चढवत नाही, गिटार आधी होती तशीच संथ. शेवटी दलालाचं एक वाक्य फक्त पुन्हा पुन्हा येत राहतं, की पाचेक लाख डॉलर हाताशी असतील तर पाडून नवं बांधता येईल.

लेकीनं सांगणं संपवलं तेव्हा कुणी बोललं नाही. ओव्हरलॉकवालीनं मशीन चालू केली आणि परत बंद केली.

आम्ही सगळ्यांनी असली घरं बघितलीयत ना. २०२० च्या सुरुवातीला मी गावभागात एक तळमजल्याचा फ्लॅट बघायला गेले होते. सांगलीत घर बघताना पहिला प्रश्न वास्तूचा नसतो, किमतीचाही नसतो. "पाणी कुठवर आलतं?" हा असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या पुरात पाणी ५७ फूट ओलांडून गेलं होतं, त्यामुळं उत्तर ऐकायच्या आधीच माहीत असतं. दाखवणाऱ्यानं सांगितलं, "काय नाय, जरा फरशी भिजली." नवा रंग होता, भिंती पांढऱ्याशुभ्र. मी स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. त्याच्या आतल्या मागच्या फळीला रंग द्यायचा राहिला होता, आणि तिथं, माझ्या डोक्याच्याही वर, गाळाची रेघ होती. आडवी, सरळ, वाळून तांबूस झालेली. बोट फिरवलं तर अजून भुकटी निघत होती. खालच्या कप्प्यात कुणाला नको असलेली तीन स्टीलची भांडी राहिली होती. एका डब्यावर नाव कोरलेलं, खाली तारीख, एप्रिल १९७४. लग्नात आलेला डबा असणार. भांड्यावर नाव घालताना ते बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी घालतात ना, तसं. वापरून वापरून आडनाव पुसट झालं होतं, पहिलं नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं. त्या बाई पुरानंतर मुलाकडं पुण्याला गेल्या आणि तिकडंच वारल्या, असं शेजारणीनं सांगितलं. त्यानंतर दाखवणारा माणूस पार्किंगबद्दल काय बोलला, मला आठवत नाही. तो फ्लॅट मी घेतला नाही. आजवर कुणाला त्याचं कारणही नीट सांगता आलं नव्हतं. नवऱ्याला वाटलं पाण्याला भ्याले.

मेलबर्नमधल्या कुठल्यातरी बाईनं माझं ते कारण गाण्यात सांगितलं होतं.

म्हणून मला ही बाई नुसती विनोदी वाटत नाही. तिचा विनोद बघण्यातून येतो. पावाचा चुरा सांडताना दिसला तर ती हसते, न्हाणीघरातली दांडी दिसली की थांबते. डोळा तोच आहे. हसणारीला दुःख कळत नाही असं आपण धरून चालतो, आणि घरातली सगळ्यात हसरी बाई आपल्या शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

सहावं, 'ॲक्वा प्रोफुंडा!', दोन मिनिटांचंसुद्धा नाही. पोहायच्या तलावात शेजारच्या पट्ट्यात कुणी देखणं पोहतंय, त्याच्यावर छाप पाडायला ही श्वास कोंडून पोहते आणि बेशुद्ध पडते. शुद्धीवर येते तर माणूस आणि त्याचा टॉवेल दोन्ही गायब. मेलबर्नच्या फिट्झरॉय तलावावर खोल पाण्याची इटालियन पाटी आहे, तीही चुकीच्या स्पेलिंगची, त्यावरनं हे नाव आलं. कृष्णाकाठच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. घाटावर सूर मारणारी पोरं कुणासाठी मारतात हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त इथं पोरगी सूर मारतीय, यावर धाकटीनं टाळी दिली.

शिवणघरात सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं मात्र सातवं, 'डेड फॉक्स'. ठेका असा की मशीन आपोआप त्या लयीत पळते. एका दुपारी आम्ही अकरा अस्तरं जास्त लावली, हे मी वहीत बघून सांगतीय. गाणं सुरू होतं सेंद्रिय भाजीपासून. घरातली जोडीदार म्हणते सेंद्रियच घ्यायची. हिला आधी पटत नाही, थोड्या औषधानं काय होतंय. पैसे नसतात म्हणून स्वस्तातली घेते, मग त्यात काय काय घातलेलं असतं ते ऐकून बिचकते. इथं तासगावच्या वहिनींनी मशीन थांबवली. त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. "थोड्या औषधानं काय होतंय, असं आमचं मालक बी म्हणत्यात," त्या म्हणाल्या, "आणि घरात खायला एक वेल येगळा ठेवत्यात, त्यावर फवारत न्हाईत." हे आम्हाला इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. पावसाची एक सर आली की डावणी रोगाच्या भीतीनं रात्री अकराला ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो, कर्ज डोक्यावर असतं, हेही त्यांनीच पुढं सांगितलं. गाण्यातली बाईसुद्धा कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. ती दुकानात उभी आहे, हातात पैसे कमी आहेत.

मग गाणं हमरस्त्यावर येतं. मोठे ट्रक, रस्त्यावर चिरडलेली जनावरं. आणि धृपद काय, तर ट्रकच्या मागं लिहिलेली सूचना. तुम्हाला मी दिसत नसेन, तर मलाही तुम्ही दिसत नाही. आपल्या ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असतं, तसं तिकडं हे. त्या पाटीचं तिनं धृपद केलं आणि ते म्हणता म्हणता त्याचा अर्थ ट्रकपुरता राहत नाही. आमच्या ओव्हरलॉकवालीचा भाऊ ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो, मागं दोन ट्रॉल्या, रात्रीचा प्रवास. तिनं भावाला सांगून ट्रॉलीच्या मागं लाल रेडियमची पट्टी लावून घेतली. गाण्यामुळंच लावली असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात लावली.

आठवं गाणं ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत कळलं ते बरं झालं. 'नोबडी रिअली केअर्स इफ यू डोन्ट गो टू द पार्टी'. बाहेर जावंसंही वाटतं, घरी बसावंसंही वाटतं, आणि खरं म्हणजे तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं काही अडत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्यातल्या प्रत्येकीला रोज दोन-तीन घरांची बोलावणी. कामावरून दमून सातला सुटायचं, साडी बदलायची, वाण घ्यायला पळायचं, नाही गेलं तर वर्षभर ऐकायचं. कटिंगवाल्या वहिनी यंदा एका घरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगत होत्या, "कुणी विचारलंसुद्धा न्हाई गं." बोलताना त्या सुटल्यासारख्याही दिसल्या आणि थोड्या दुखावल्यासारख्याही. गाण्यात अगदी हेच दोन्ही आहे.

नववं लक्षात राहत नाही. दहावं, 'किम्स कॅराव्हॅन', पुन्हा लांब आहे, पण इथं लांबी मला पटली. समुद्रकाठी मेलेला सील दिसतो. तिकडच्या समुद्रातल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेची माणसानं काय दशा केलीय ते येतं, आणि बाईचा आवाज जवळजवळ पुटपुटण्यावर. हळूहळू गिटार चढत जाते, लाट यावी तशी. नदीत मेलेले मासे पांढरे पोट वर करून तरंगताना आम्ही घाटावरून बघितलेत, त्यामुळं लेकीला सीलचं वर्णन दोनदा करावं लागलं नाही. काकूंनी या एका गाण्याला नाव ठेवलं नाही. डोळे मिटून काजं करत राहिल्या, त्यांना बघायची गरज नसतेच. शेवटचं 'बॉक्सिंग डे ब्लूज' साधं आणि थकलेलं. बॉक्सिंग डे म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी. लग्नघरात मांडव उतरवताना जसं वाटतं तसं.

घ्यावी का? गोड गळा, हरकती, मींड ऐकायची असेल तर इथं ते नाही. ही बोलता बोलता गाते, सूर कधी कधी नुसता टेकवून ठेवते. इंग्रजी कानाला फार सरावाचं नसेल तर शब्द समोर ठेवून ऐका. पहिल्यापासून लावू नका, पाचव्यापासून लावा, मग सातवं, मग पहिलं. दुसरं सगळ्यात शेवटी, ओळख झाल्यावर. घरात लहान मुलं असतील तर शिव्यांचा विचार करा. आणि शक्य असेल तर एकट्यानं ऐकू नका. हातात काम असलेल्या चार बायकांच्यात बसून ऐका. या अल्बमचं निम्मं मोल मला त्यांच्यामुळं मिळालं.

लेक फेब्रुवारीत परत गेली. मागच्या आठवड्यात तिनं नवी खोली बघितली, गावाच्या उत्तरेलाच, आणि आम्हाला व्हिडिओ पाठवला. जेवायच्या सुट्टीत सगळ्या माझ्या फोनभोवती गोळा झाल्या. खिडकी, पलंग, छोटी शेगडी, भिंतीला लावलेलं रिकामं फडताळ. धाकटी म्हणाली उजेड चांगला आहे. कटिंगवाल्या वहिनींनी भाडं विचारलं. काकूंनी डब्याचं झाकण तसंच हातात धरून फोन स्वतःकडं ओढला, फडताळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "विचार की तिला, हिच्या आधी हितं कोण राहत हुतं?"